चार वर्षांच्या मुलीच्या दातांसाठी भूल द्यावी का?

रानजाई (१२ जून)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

लेक सव्वाचार वर्षांची, वजन १५ किलो. महिन्याभरापूर्वी रात्री गाल धरून रडायला लागली. मोबाईलची टॉर्च लावून बघितलं तर खालच्या दाढेत काळं भोक, आणि शेजारी हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. खुर्चीत बसलीच नाही. दुसऱ्या वेळी तिचा बाबा मांडीवर घेऊन बसला, तर डॉक्टरांच्या बोटाला चावली आणि नंतर बाबाच्या शर्टावर ओकली.

त्यांनी बालदंतरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे दोन भेटींत निदान तोंड उघडून दाखवलं आणि कसेबसे एक्सरे निघाले. सात दात किडलेत, त्यातल्या दोन दाढांची नस गेली आहे. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: नाकाला लावायचा गॅस, तोंडावाटे गुंगीचं औषध, नाहीतर हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळं. त्यांचा कल तिसऱ्या वाटेकडे.

घरात दोन तट. सासूबाई म्हणतात, "दुधाच्या दातांपायी पोरीला बेशुद्ध करणार?" नवरा गप्प आहे, म्हणजे विरोधात आहे. मी रात्री दोन वाजता नको ते वाचत बसते. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

आणि हो, साडेतीन वर्षांची होईपर्यंत रात्री बाटलीने दूध प्यायची. माहीत आहे. ओरडू नका.

तिखटमीठ

बाटलीवरून ओरडणारे येतीलच, त्याआधी मी पहिला नंबर लावते. माझ्या मुलाला बाटली एक दिवसही दिली नाही, तरी पाच दात किडले. तेव्हा ते डोक्यातून काढ. अनुभव सविस्तर लिहिते, भाजी गॅसवर आहे.

सह्याद्रीचा_वारा

दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. दुखताहेत ते काढून टाका, विषय संपला. आमच्या वेळी आई दाताला दोरा बांधायची, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि दार लोटायची. पडलेला दात कौलावर. कसली भूल नि कसलं काय.

खोडरबर

@सह्याद्रीचा_वारा, हलणारा दात आणि सव्वाचार वर्षांच्या मुलीची घट्ट रुतलेली दाढ यात फरक असतो हो. ती दोऱ्याने काढायला गेलात तर दारच निखळून येईल.

डॉ_दंतकथा

मी बालदंतरोगतज्ज्ञ आहे (बीडीएसनंतर एमडीएस, याच विषयात). धाग्यावरून निदान करता येत नाही, केवळ माहिती म्हणून वाचा.

"पडणारच आहेत" याबद्दल आधी. दुधाचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं. पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. रानजाईंच्या मुलीला त्या अजून सहा-सात वर्षं वापरायच्या आहेत. आत्ता काढल्या तर मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. कधीकधी काढाव्याच लागतात, मग जागा राखायला तारेचं कडं बसवतो. पण "काढा आणि विसरा" असं ते नसतं. आणि हिरडीवरची पुळी म्हणजे मुळाशी पू झालाय. ती फुटली की दुखणं थांबतं, आईबाप निवांत होतात, आणि मूल चार महिन्यांनी सुजलेला गाल घेऊन येतं.

आता गॅस. नायट्रस ऑक्साईड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण, नाकावर छोटा मास्क लावून देतात. मूल जागंच असतं, बोलतं, फक्त सैलावतं. काम झालं की काही मिनिटं नुसता ऑक्सिजन द्यायचा आणि ते चालत बाहेर जातं. ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच नये अशी सोय यंत्रातच असते. फार गुणाचा आहे, पण दोन अटी. एक, मुलाने मास्क नाकावर ठेवू दिला पाहिजे आणि नाकाने श्वास घेतला पाहिजे. भोकाड पसरलेलं मूल तोंडाने श्वास घेतं, गॅस खोलीत जातो आणि सुस्तावतो आम्ही. दुसरी, गॅसने दात बधिर होत नाही. इंजेक्शन द्यावंच लागतं, फक्त त्याची धास्ती कमी होते. बोटाला चावणाऱ्या मुलीच्या सात दातांना गॅस पुरेल का, हे तिला बघूनच कळेल.

तिखटमीठ

भाजी झाली. आमचं गॅसचं प्रकरण. मुलगा साडेपाच वर्षांचा होता. डॉक्टरीणबाईंनी मास्कला "विमानाच्या पायलटचं नाक" म्हणून सांगितलं, स्ट्रॉबेरीचा वास लावला. दोन दिवस आधी मास्क घरी खेळायला दिला. घरात सगळ्यांना पायलट करून झालं, कुत्र्यालासुद्धा. पहिली बैठक इतकी छान झाली की मी बाहेर येऊन सगळ्या नातेवाइकांना फोन केले. दुसऱ्या बैठकीला सर्दी. नाक चोंदलेलं. गॅस आत जाईचना, सुई दिसली आणि संपलं. पुढचे तीन आठवडे दवाखान्याच्या रस्त्याला रिक्षा वळली तरी रडायचा. शेवटी जमलं, पण पाच दातांना सात खेपा झाल्या. तुझे सात दात आहेत, हिशेब कर.

जास्वंद_७२

आमच्याकडे तोंडावाटेचं औषध दिलं होतं, मिडॅझोलॅम. तीन वर्षांची नात, पडून दोन दात हललेले. आधी वजन केलं, मग साखरेच्या पाण्यात मिसळून दिलं. तरी कडू लागतं, तिने अर्धं माझ्या साडीवर थुंकलं. थुंकलेलं किती नि पोटात गेलेलं किती, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा दिलं नाही, ते मला आवडलं. वीस मिनिटांनी पोर हसायला लागली, मान लटपट करायला लागली. आणि मग एकदम उलटं फिरलं! किंचाळणं, ओरबाडणं, आईलाही जवळ येऊ देईना. काही मुलांना ते औषध असं उलटं लागू पडतं म्हणे. काम त्या दिवशी झालंच नाही. संध्याकाळी नात उठून वरणभात जेवली, तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आम्हाला मात्र जन्मभर आठवेल.

प्रश्नचिन्ह

माझ्या भाच्याच्या ईईजीच्या (मेंदूच्या आलेखाच्या) वेळी डॉक्टरांनी झोपेचं एक सिरप दिलं होतं. ती बाटली घरात आहे. तेच घरी पाजून गाडीतून झोपलेलं न्यायचं आणि काम उरकायचं असं नाही का चालणार?

निद्रादेवीचा_पुजारी

@प्रश्नचिन्ह, ती बाटली आत्ता उठून बेसिनमध्ये ओता. गंमत करत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे, पंचवीस वर्षं हेच काम. गुंगीचं कुठलंही औषध मुलाला घरी किंवा गाडीत द्यायचं नाही. मागच्या सीटवर मूल झोपतं, मान छातीवर पडते, श्वासनलिका दुमडते, आणि पुढे बसलेल्यांना वाटतं किती शांत झोपलंय.

आता मूळ विषय. लोक "गुंगी" आणि "भूल" असे दोन वेगळे डबे समजतात. तो एकच जिना आहे. वरच्या पायरीवर मूल सैलावतं, पुढच्या पायरीवर पेंगतं पण हाक मारली की डोळे उघडतं, त्याखाली गाढ गुंगी, त्याखाली पूर्ण भूल. औषध देणाऱ्याला वाटतं आपण दुसऱ्या पायरीवर आहोत, आणि मूल घसरून तिसरीवर गेलेलं असतं. म्हणून ज्या पायरीवर थांबायचं, तिच्या पुढच्या पायरीवरून मुलाला वर आणता येईल असा माणूस खोलीत हवा.

दातांच्या कामात आणखी एक भानगड. श्वासाची वाट आणि दंतवैद्याची कामाची जागा एकच, तोंड. तिथे पाण्याची फवारणी चालू आहे, रक्त आहे, कापूस आहे. वजनाच्या मानाने मुलं आपल्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन वापरतात आणि त्यांचा साठा छोटा, त्यामुळे श्वास अडला की फार भराभर खाली जातात. म्हणून पुष्कळदा "हलकी गुंगी" देऊन अर्धवट झोपलेल्या मुलाच्या तोंडात दीड तास काम करण्यापेक्षा पूर्ण भूल जास्त निर्धास्त असते. नाकातून नळी श्वासनलिकेत घातलेली, घशात ओल्या गॉजची पट्टी, वाट सुरक्षित. ऐकायला भयंकर वाटतं, मला मात्र त्यात रात्री झोप लागते.

खोडरबर

दाखल्यासाठी स्वतःच्या झोपेचं उदाहरण देणारा भूलतज्ज्ञ. +१

सह्याद्रीचा_वारा

माझं मत बदललेलं नाही. हल्ली चार दात दिसले की पूर्ण भूल, हॉस्पिटल, पॅकेज. माझ्या शेजाऱ्यांना साठ हजार सांगितले. भीती दाखवायची आणि बिल फाडायचं. आमच्या गावात डॉक्टर मुलाचे हात-पाय चौघांना धरायला सांगायचे, पाच मिनिटांत दात बाहेर. कुणी मेलं नाही.

मुंगूस

मेलं नाही, बरोबर. मी त्या चौघांनी धरलेल्यातला एक.

सहा वर्षांचा होतो. वडील पायांवर बसले होते, कंपाउंडरने डोकं धरलेलं. बधिर झालं का कुणी विचारलं नाही. कंपाउंडरच्या मनगटावर घड्याळ होतं, त्याचा पट्टा माझ्या कानाला घासत होता, तो मला अजून जाणवतो. आज वय ४१. मागची चार वर्षं एक दाढ लवंगेच्या तेलावर काढतोय. बायकोने तीनदा अपॉइंटमेंट घेतली, तीनदा मी दवाखान्याच्या जिन्यावरून परत फिरलो. मुलांच्या शाळेतल्या दंततपासणीच्या पत्रावर सही करतानासुद्धा तळहाताला घाम येतो.

वडिलांवर राग नाही, त्यांना तेच ठाऊक होतं. पण "पाच मिनिटांत झालं" हे तुम्ही म्हणता, मला ते अजून संपायचं आहे.

जास्वंद_७२

मुंगूस, __/\__

सह्याद्रीचा_वारा

मुंगूस, माफ करा. हे लक्षात नव्हतं घेतलं. पैशांबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.

डॉ_दंतकथा

पैशांबद्दल सह्याद्रींचं अगदीच चूक नाही. गरज नसताना भूल सुचवणारे आमच्यात आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, एक्सरेची प्रत मागून घ्या, ती तुमचीच आहे. शासकीय दंत महाविद्यालयांत (मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर) आणि मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात बालदंत विभाग आहेत. वेळ लागतो, खर्च फार कमी.

आणि भूल लागूच नये असेही उपाय आहेत, ते कुणी विचारलेच नाहीत. नस शाबूत असेल आणि कीड आटोक्यात असेल तर चांदी-फ्लोराईडचं द्रावण लावता येतं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड, ३८ टक्के. काडीने थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं. ड्रिल नाही, सुई नाही. कीड थबकते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. उणीव एकच, किडलेला भाग काळाकुट्ट होतो, काजळ भरल्यासारखा. मागच्या दाढांना कोण बघतंय? पण पुढच्या दातांना लावलं की आज्या आमच्याशी भांडायला येतात.

दुसरा उपाय हॉल पद्धत. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखतात. किडलेली दाढ न कोरता, बधिर न करता तिच्यावर स्टीलची टोपी बसवायची. मूल स्वतःच चावून ती खाली दाबतं. कीड आत कोंडली की तिला खायला मिळत नाही, ती थांबते. ऐकून आधी मलाही पटलं नव्हतं. आता आठवड्याला दोन-तीन तरी बसवते.

रानजाई, तुमच्या मुलीच्या सातपैकी पाच दातांचं यातून भागू शकेल. पण नस गेलेल्या दोन दाढांचं नाही. त्या एकतर साफ करून भराव्या लागतील किंवा काढाव्या लागतील, दोन्हीला बधिर करणं आलं, आणि पू आहे म्हणून सहा महिने मैत्री करत थांबता येणार नाही. तुमच्या डॉक्टरांचा कल बहुधा त्यामुळे असेल. "पाच दातांचं असं करता येईल का?" एवढं त्यांना विचाराच. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

लीड्सकर

इकडची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये २००१ च्या अखेरीपासून दातांसाठी पूर्ण भूल हॉस्पिटलबाहेर देताच येत नाही. आधी गल्लीतल्या डेंटल क्लिनिकात द्यायचे, मुलं दगावली, मग बंद केलं. चांगलंच झालं. पण त्याची दुसरी बाजू म्हणजे रांग. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हॉस्पिटलात दाखल करण्याचं सगळ्यांत मोठं कारण इथे किडके दात हेच आहे, दमा नाही, टॉन्सिल नाहीत. माझी मुलगी सात महिने रांगेत होती, तेवढ्यात तीनदा अँटिबायोटिक झालं. आणि भूल देऊन करतात काय, तर बहुतेक वेळा दात काढतात. टोप्या, नस साफ करणं वगैरे फारसं नाही. चार दात, दहा मिनिटं, घरी. तुला तिकडे तीन वाटा एका आठवड्यात मिळतायत, हे ऐकून मला हेवा वाटला, खरंच.

जर्सीची_जाई

अमेरिकेत उलट. क्लिनिकातच सगळं, विमा कंपनीशी भांडण वेगळं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात सहा वर्षांचा मुलगा दात काढताना गेला. दात काढणारा आणि भूल सांभाळणारा डॉक्टर एकच होता. आईबापांनी आणि नातेवाइकांनी लावून धरलं, २०१६ मध्ये तिथे त्यावर कायदा झाला. २०१९ मध्ये बालरोगतज्ज्ञ आणि बालदंतरोगतज्ज्ञ यांच्या संघटनांनी मिळून नियमावली बदलली: क्लिनिकात गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर ती बघायला वेगळा, त्यासाठीच शिकलेला माणूस हवा. माझ्या मुलाच्या वेळी मी एवढा एकच प्रश्न विचारला, "तुम्ही दात बघाल तेव्हा त्याच्याकडे कोण बघेल?" डॉक्टर दोन सेकंद गप्प झाले. मी दुसरं क्लिनिक शोधलं.

प्रश्नचिन्ह

सिरप ओतलं. (बायको विचारते, कुणाचं ऐकून? म्हटलं, निद्रादेवीच्या पुजाऱ्याचं. आता ती माझ्याकडेच संशयाने बघते.)

पण एक खरा प्रश्न. भुलीने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो असं वाचलंय. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा इशारा आहे ना?

निद्रादेवीचा_पुजारी

आहे. डिसेंबर २०१६ चा. पण नीट वाचा: तीन वर्षांखालची मुलं, आणि भूल तीन तासांहून जास्त किंवा पुन्हापुन्हा. त्याची मुळं बऱ्याच अंशी प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहेत. पुढे तान्ह्या बाळांवर एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळची. तासाभरापेक्षा कमी भूल मिळालेली आणि फक्त कमरेखाली बधिर केलेली बाळं, दोघांना दोन वर्षांचं आणि मग पाच वर्षांचं झाल्यावर तपासलं. फरक आढळला नाही. दातांचं असं काम साधारण एक ते दोन तासांत आटोपतं. सव्वाचार वर्षांच्या निरोगी मुलीला एकदा भूल देताना माझ्या मनात मेंदूची काळजी नसते. सर्दी-खोकल्याची असते, मोठ्या टॉन्सिल्सची असते, आणि आजी-आजोबांची असते.

खोडरबर

आजी-आजोबांची का?

निद्रादेवीचा_पुजारी

उपाशीपोटी ठेवायचं असतं ना. जेवण किंवा दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. भुलीत पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. आणि घरात एक तरी माणूस असा असतोच ज्याला भुकेलं लेकरू बघवत नाही.

जास्वंद_७२

अवांतर आहे, पण राहवत नाही. मुलांना गुंगी देणं आपल्याकडे नवं थोडंच आहे? बाळगुटीतलं जायफळ कशासाठी असतं! आणि गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळागोळी चारून जायच्या, पोर दिवसभर निजून राहायचं. माझ्या आजीने डोळ्यांनी बघितलेलं. ते कुणी हौस म्हणून करत नव्हतं गं, पाळणाघर कुठलं आलंय.

डॉ_दंतकथा

अवांतरच चाललंय तर माझंही घ्या. भूल जगाला दिली ती आमच्या धंद्यातल्या माणसाने! १० डिसेंबर १८४४, अमेरिकेत हार्टफर्ड गावी कोल्टन नावाच्या माणसाचा हसण्याच्या गॅसचा (तोच आपला नायट्रस ऑक्साईड) खेळ होता, तिकीट लावून. गॅस घेतलेल्या एकाचा पाय धडपडून सोलवटला आणि त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत हॉरेस वेल्स हा दंतवैद्य बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनला डॉक्टरांसमोर प्रयोग केला, तेव्हा गॅस कमी पडला, रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. नंतर १६ ऑक्टोबर १८४६ ला ईथर देऊन श्रेय मिळवलं मॉर्टनने. तोही दंतवैद्यच.

निद्रादेवीचा_पुजारी

आणि तेव्हापासून दंतवैद्य आम्हाला ऐकवतायत.

संत्रानगरी

विदर्भातल्यांसाठी एक महत्त्वाचं. आमच्याकडे सिकलसेलचं (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) प्रमाण काही समाजांत बरंच आहे. भुलीच्या आधी ती तपासणी झाली नसेल तर स्वतःहून सांगा. ऑक्सिजन कमी पडणं, अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, हे सगळं त्या मुलांना जड जातं. माझ्या पुतण्याचा आजार दातांच्या भुलीआधीच्या रक्ततपासणीतच कळला.

निद्रादेवीचा_पुजारी

हे माझ्या लिहिण्यातून सुटलं होतं, धन्यवाद. रानजाई, भूलतज्ज्ञांना आधीच्या दिवशी भेटा, टेबलावर नको. मुलगी झोपेत घोरते का, दमा आहे का, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, हे त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. वजन त्याच दिवशी करून घ्या. लहान मुलाच्या मापाचा मास्क आणि फुगा तिथे आहे का, आणि गरज पडली तर आयसीयू कुठे, हेही विचारा.

रानजाई (२१ जून)

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. मुंगूस यांचं वाचून झाल्यावर तो उठून गॅलरीत गेला. आल्यावर म्हणाला, तारीख घे. डॉक्टरांना पाच दातांचं विचारलं. ते म्हणाले, तीन दाढांना टोपी तशी बसवता येईल, पण भूल देणारच आहोत तर सगळं त्याच वेळी करू. पटलं. तारीख २ जुलै.

रानजाई (२ जुलै)

रद्द झालं.

सकाळी सव्वासात वाजता हॉस्पिटलात. लेक गाऊन घालून टेडीच्या तोंडाला मास्क लावत होती. भूलतज्ज्ञबाईंनी सहज तिलाच विचारलं, "आज काय खाल्लं मग?" ती म्हणाली, "बिस्किट. आबांनी दिलं. आणि आबा म्हणाले आईला सांगू नको." मी मागे बघितलं. सासरे खिडकीबाहेर इतकं लक्ष देऊन बघत होते की तिथे जणू वारी चालली होती.

निद्रादेवीचा_पुजारी

काय सांगत होतो मी. तुमच्या भूलतज्ज्ञबाईंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न आईला न विचारता मुलीला विचारला, ही खरी कारागिरी.

सह्याद्रीचा_वारा

आबांची बाजू मी घेतो. सकाळी सहाला नात "भूक लागली" म्हणाली तर माझाही हात डब्याकडे गेला असता.

रानजाई (१९ जुलै)

झालं! १६ तारखेला. आबांना आदल्या रात्रीच नणंदेकडे पाठवलं, ते स्वतःहून गेले. बिस्किटाचा डबाही घेऊन गेले.

मला आत येऊ दिलं. लेक माझ्या मांडीवर, मास्क तिनेच धरलेला, फुगा फुगवायचा म्हणून फुंकत होती. सातवी-आठवी फुंकर, आणि तिच्या मानेतला जोर एकदम गेला. त्या क्षणासाठी तुमच्यापैकी कुणीच मला तयार केलं नव्हतं, किंवा केलं असतं तरी उपयोग नसता. नर्सने तिला माझ्या हातातून घेतलं आणि मला बाहेर नेऊन बसवलं. पावणेदोन तास. नवरा दर दहा मिनिटांनी चहा आणत होता आणि कुणीच पीत नव्हतं.

एक दाढ काढावी लागली, एकीची नस साफ केली. चार टोप्या, दोन दात भरले. शुद्धीवर येताना अर्धा तास खूप रडली, कुणालाच ओळखत नव्हती. ते नेहमीचं असतं म्हणाले, पण बघवत नाही. मग बर्फाची कांडी खाल्ली. नाकातून थोडं रक्त आलं, नळीमुळे, ते आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. संध्याकाळी बधिर ओठ चघळत होती, डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलो, तरी आतून थोडा चावलाच.

आता ती येईल त्याला "आ" करून चांदीचे दात दाखवते. दूधवाल्याला दाखवले, लिफ्टमध्ये दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "निदान सोन्याचे तरी बसवायचे."

तिखटमीठ

हाहाहा, सासूबाईंना साष्टांग नमस्कार. खूप बरं वाटलं गं.

मुंगूस (२३ जुलै)

अभिनंदन रानजाई. दंतकथाबाईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, त्यांनी मोठ्या माणसांना गॅस देणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. काल गेलो. काम काही केलं नाही, नुसता खुर्चीत बसून आलो. जिना मात्र पूर्ण चढलो.

पाऊलवाट (८ ऑगस्ट)

धागा वर काढतेय, क्षमस्व. मुलगा पावणेतीन वर्षांचा, वरचे पुढचे चार दात तपकिरी होऊन तुटायला लागलेत. आमचे डॉक्टर म्हणतात पूर्ण भूल द्या. वर तीन वर्षांखालचं वाचलं आणि पोटात गोळा आला. काय करू?

डॉ_दंतकथा

घाबरू नका. दुखतंय का, रात्री उठतो का? हिरडीवर पुळी आहे? वजन किती, झोपेत घोरतो का? आणि रात्रीची बाटली चालू असेल तर ती आजपासून बंद. एकदम जमत नसेल तर दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या. बाकीचं ओपीडी संपली की लिहिते, बाहेर एकाने खुर्चीखाली ठाण मांडलंय.